रात्रभर ओट्यावर राहिलेला तिसऱ्यांचा टोप

रत्नागिरीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या लिहितात:

“मे महिन्यात मुंबईची मंडळी येणार म्हणून भाट्याच्या खाडीतल्या तिसऱ्या (छोटे शिंपले) भरपूर घेतल्या. सोबत कोळंबी आणि सहा-सात कुर्ल्या (खेकडे). संध्याकाळी घाई नको म्हणून दुपारीच सगळं उकडून ठेवलं, म्हणजे जेवायच्या वेळी फक्त मसाल्यात घालायचं. पण निम्मी मंडळी आलीच नाहीत. उरलेल्यातली कोळंबी आणि थोड्या तिसऱ्या डब्यात भरून रात्री जेवायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवल्या, पण मोठा टोप रात्रभर ओट्यावरच राहिला. सकाळी सासूबाई म्हणाल्या, ‘वास चांगला येतोय, एक उकळी काढ आणि वापर.’ नवरा म्हणाला, ‘फेकून दे.’ मी कुणाचं ऐकायचं? तिसऱ्या उकडलेलं पाणी ठेवतात का? फ्रिजमधलं किती दिवस चालतं आणि त्याचं काय करावं? आणि मुलगा सकाळी क्रिकेटच्या शिबिराला जातो, त्याच्या डब्यात कोळंबी पोहे दिले तर चालतील का?”

ताई, ओट्यावरच्या टोपाचं आधी सांगते. तो टाकायचाच. तिसऱ्या, कुर्ल्या, तळाचं पाणी, सगळंच. त्यातल्या निवडून चांगल्या दिसतील तेवढ्या ठेवू, असंही नाही. त्या दिवशी तुमच्या घरी काय ठरलं ते पत्रात नाही, पण असे टोप सुट्टीत कोकणातल्या कितीतरी घरांत उरत असतात आणि सकाळी हाच वाद होतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक उकळी काढली की सगळं शुद्ध होतं, हा आपल्याकडचा फार जुना आणि फार पक्का समज आहे. उकळीने जिवाणू मरतात हे खरंच आहे. पण काही जिवाणू अन्नात वाढता वाढता विष तयार करून ठेवतात आणि ते विष उकळीला दाद देत नाही. माणसाच्या हातावर, नाकात, बोटावरच्या जखमेत राहणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू यातलाच. तिसऱ्या निवडताना, कोळंबी सोलताना आपले हात त्या मांसाला किती वेळा लागतात बघा. शिजलेल्या, मऊ, ओलसर, प्रथिनांनी भरलेल्या मांसावर तो जिवाणू पडला आणि टोप कोमट राहिला, की रात्रभरात त्याला हवं ते सगळं मिळतं. सकाळी तुम्ही उकळी काढता तेव्हा जिवाणू मरतो, विष तसंच राहतं. मग खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात आणि आपण म्हणतो, ‘अगं, नीट उकळलं होतं की!’

नियम असा आहे: ५ ते ६० अंश सेल्सियस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा. शिजवलेलं मासळीचं अन्न या पट्ट्यात एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. आणि हवाच ३२ अंशांच्या वर गेली असेल तर एकच तास. रत्नागिरीतली मे महिन्याची दुपार आठवा, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघराला कोणता नियम लागू होतो ते कळेल. दुपारी उकडलेला टोप दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, म्हणजे त्याची वेळ पहिल्या दिवशी चहाच्या आधीच संपली होती.

खरं सांगायचं तर हाच हिशोब डब्यातल्या कोळंबीला आणि तिसऱ्यांनाही लावायला हवा. दुपारी उकडून रात्री जेवायच्या आधी डब्यात भरलं असेल, तर मधे चार-पाच तास ते बाहेरच होतं. फ्रिज जिवाणूंची वाढ मंदावतो, झालेली वाढ मागे नेत नाही. म्हणून या खेपेचा डबाही मी वापरा म्हणणार नाही. वाईट वाटेल, पैसे गेले याचंही वाटेल, चिखलात वाकून त्या तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या मेहनतीचंही वाटेल. ते वाटू द्या. पण पोटात ढकलून ती मेहनत सार्थकी लागत नाही.

‘वास चांगला येतोय’ हा सासूबाईंचा मुद्दाही बाजूला ठेवता येत नाही, कारण त्या खोटं बोलत नाहीयेत. मासळी सडल्याचा जो वास येतो तो करणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे पुष्कळदा वेगळे. दुसऱ्या जातीचे वाढले तरी वास, रंग, चव काहीच बदलत नाही. बाजारात कच्ची मासळी निवडताना सासूबाईंच्या नाकावर डोळे मिटून विश्वास ठेवा. तिथे ते नाक माझ्या दहा पुस्तकांपेक्षा मोठं आहे. शिजवून बाहेर राहिलेल्या अन्नाला मात्र घड्याळ लावायचं.

आणि त्या ‘उकळी काढ’ का म्हणतात, तेही समजून घ्या. त्यांच्या स्वयंपाकात शिळं असायचं ते कालवण. आमसुलं घातलेलं, आंबट, मीठ-मसाल्याचं, रात्री निजण्यापूर्वी एकदा आणि सकाळी चुलीवर पुन्हा एकदा खदखदून उकळलेलं. दुसऱ्या दिवशीच्या कालवणाची गोडी कुणाला ठाऊक नाही! तुमच्या टोपात आमसूल नव्हतं, मसाला नव्हता, रात्रीची उकळीही नव्हती. नुसतं अळणी उकडलेलं मांस आपल्याच पाण्यात बसलं होतं. कालवणाला लागू पडणारी सवय त्याला लागू पडत नाही, असं त्यांना सांगा. ‘तुमचं चुकतंय’ असं म्हणायची गरज नाही.

आता समुद्राच्या मासळीतून येणारा आपला एक खास शत्रू. व्हिब्रिओ पॅराहीमोलिटिकस असं लांबलचक नाव आहे या जिवाणूचं. १९५० साली जपानमधल्या ओसाकात माशांतून मोठी विषबाधा झाली, तेव्हा तो सापडला. खाऱ्या, कोमट पाण्यात तो मुळातच असतो, उन्हाळ्यात जास्त. उकळल्यावर तो सहज मरतो, पण मोकळं मैदान मिळालं तर काही मिनिटांत दुप्पट होण्याइतका वेगवान आहे. घोटाळा होतो तो उकडल्यानंतर. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात वाफवलेले खेकडे खाऊन माणसं आजारी पडली होती, आणि शिजलेल्या खेकड्यांना जिवंत खेकड्यांचा संसर्ग होणं हे त्यातलं एक कारण मानलं गेलं. आपल्याकडे हे रोज होतं. कच्च्या तिसऱ्या ज्या रोवळीत धुतल्या त्याच रोवळीत उकडलेल्या उपसायच्या. कुर्ल्या ज्या पाटावर फोडल्या त्याच पाटावर उकडलेली कोळंबी सोलायची. कच्च्या मासळीची पिशवी फ्रिजच्या वरच्या कप्प्यात आणि उकडलेल्याचा उघडा डबा तिच्या खाली. एवढं टाळा. उकडलेल्यासाठी चाळण वेगळी, कप्पा वरचा, डब्याला झाकण, आणि सोलायला बसण्यापूर्वी हात साबणाने. बोट कापलेलं असेल त्या दिवशी सोलायचं काम दुसऱ्याला द्या.

पुढच्या वेळी टोप उरणार असं दिसायला लागलं की काय करायचं ते आता सांगते.

तिसऱ्यांची तोंडं उघडली की आच बंद करा. त्यापुढे प्रत्येक मिनिट त्या आकसत जातात आणि चिवट होत जातात. गरम पाण्यात बुडवून ठेवल्या तरी आतल्या आत शिजत राहतात, म्हणून लगेच चाळणीत उपसा. पाणी मात्र खाली पातेल्यात धरा, मोरीत ओतू नका. उपसलेल्या तिसऱ्या परातीत पसरल्या की दहा-पंधरा मिनिटांत हाताला सोसतील इतक्या निवतात. तोंड न उघडलेल्या बाजूला काढून टाका. त्यातली एखादी चिखलाने गच्च भरलेली निघते आणि ती फुटली तर सगळ्या रश्श्यात कचकच येते. मग उरलेल्यांतलं मांस शिंपल्यांतून सोडवून घ्या. शिंपल्यांसकट ठेवण्यात काहीच अर्थ नाही. शिंपले उष्णता धरून ठेवतात, फ्रिजचा अर्धा कप्पा अडवतात आणि कडांना वाळू असते ती असतेच. भलामोठा टोप सोलल्यावर जेमतेम दोन-तीन वाट्या होतो, आणि दोन-तीन वाट्या वाया जाऊ न देणं फार सोपं असतं.

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी नावाचा मोठा खाजणाचा भाग आहे. तिथल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच. तिथेही असंच करतात. उकडतात, चाळणीवर हलवून मांस वेगळं करतात आणि ते मांस गोठवून परदेशी जातं. म्हणजे उकडलेल्या तिसऱ्या टिकत नाहीत असं मुळीच नाही. त्या शिंपल्यांतून, गरम पाण्यातून आणि आपल्या आळसातून वेळेवर सुटल्या पाहिजेत.

सोललेलं मांस उथळ स्टीलच्या डब्यात पातळ पसरून ठेवा. खोल डब्यात गच्च भरलं तर मधलं थंड व्हायलाच रात्र लागते. फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली असावा. असं ठेवलेलं शिजवलेलं मांस तीन-चार दिवस चालतं, असा सर्वसाधारण संकेत आहे. मी तुम्हाला दोन दिवस म्हणेन. आपल्या घरी फ्रिज दिवसातून पन्नास वेळा उघडतो, आणि मेच्या शेवटी वळवाचा एक पाऊस आला की वीज जाते ती किती वेळ, याचा भरवसा नाही. वीज गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली तर उकडलेली मासळी जाऊ द्या. वरचं फ्रीझर खच्चून भरलेलं आणि बंद असेल तर ४८ तास तग धरतं, अर्धं भरलेलं असेल तर २४.

दोन दिवसांत खायचं नसेल तर सरळ फ्रीझरमध्ये. एका वेळेला लागेल एवढं मांस छोट्या डब्यात, वर त्याचंच गाळलेलं पाणी मांस बुडेल इतकं, झाकणावर तारीख. कोरडं गोठवलेलं मांस कडेने वाळून कातड्यासारखं होतं, पाण्यात गोठवलेलं होत नाही. दोन-तीन महिने चव टिकते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि भर पावसात खाडीत उतरणंही कठीण. त्या दिवसांत असा एक डबा निघाला तर घरात काय आनंद होतो, ते तुम्हाला सांगायला नको. वितळवायचा मात्र रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून. ओट्यावर नाही.

आता पाणी. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून फार बरं वाटलं, कारण बहुतेक जण हे पाणी ओतून देतात आणि मग रश्शाला चव यावी म्हणून मसाला वाढवत बसतात. तिसऱ्यांची अर्धी चव त्या पाण्यात असते. तोंड उघडताना तिच्या आतलं खाडीचं पाणी आणि तिचा स्वतःचा रस दोन्ही त्यात उतरतात, म्हणून ते दुधट दिसतं आणि चांगलंच खारट लागतं. उकडताना मीठ घालायचं नाही ते याचसाठी.

हे पाणी पंधरा-वीस मिनिटं न हलवता ठेवा. बारीक चिखल आणि वाळू तळाशी बसते. वरची निवळ हलक्या हाताने दुसऱ्या भांड्यात काढा आणि शेवटचं बोटभर पाणी निर्दयपणे टाकून द्या. मग दुहेरी सुती फडक्यातून गाळा. ही निवळ दोन दिवस फ्रिजमध्ये राहते, नाहीतर बर्फाच्या साच्यात घालून गोठवा. एकेक खडा लागेल तसा काढता येतो. मसुराच्या आमटीत दोन खडे घालून बघा. भात शिजवताना निम्मं साधं पाणी, निम्मं हे, वर दोन लवंगा आणि तमालपत्र, नंतर तळलेला कांदा. मीठ शेवटी, चाखून. लहान मुलांना आणि रक्तदाबाच्या माणसांना देताना जास्त पातळ करा, कारण खारटपणा खरंच भरपूर असतो. कोळंबी सालांसकट उकडली असेल तर तिची सालं आणि डोकीही टाकू नका. थोड्या तेलात तांबूस परतून पंधरा-वीस मिनिटं पाण्यात उकळली आणि गाळली की केशरी रंगाचं सुरेख पाणी मिळतं, तेही याच कामाचं.

उकळीची गोष्ट निघालीच आहे तर आणखी एक. शिंपल्यांतले जीव दिवसभर खाडीचं पाणी गाळून त्यातलं खाद्य घेतात. समुद्रात विशिष्ट सूक्ष्म शेवाळ फोफावलं की त्याचं विष त्यांच्या अंगात साठतं, आणि तेही शिजवून जात नाही. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला असे शिंपले खाऊन सात माणसं गेली. म्हणून पाण्याचा रंग बदललाय, फेस आलाय, आज खाडीतलं घेऊ नका, असं कोळणी म्हणाल्या तर ऐका. खाल्ल्यावर ओठ, जीभ, बोटं बधिर वाटायला लागली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

फ्रिजमध्ये वेळेवर गेलेल्या मांसाचं काय करायचं, हा खरा आनंदाचा भाग. यात मी एकच गोष्ट सांगेन आणि ती पुन्हा पुन्हा सांगेन: हे मांस एकदा शिजलेलं आहे, त्याला पुन्हा शिजवायचं नाही, फक्त कडकडीत गरम करायचं. सगळा स्वयंपाक मसाल्याचा करा, पाण्याचा करा, भाताचा करा, आणि मांस सर्वांत शेवटी घाला. आतपर्यंत वाफ धरली पाहिजे, म्हणजे साधारण ७४ अंश. एवढ्याशा तुकड्यांना त्यासाठी दोन-तीन मिनिटं पुरतात. दहा मिनिटं खदखदू दिलंत की तिसऱ्या रबर झाल्या आणि कोळंबी लाकूड.

तिसऱ्यांचं सुकं या हिशोबाने असं होतं. दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलात सावकाश तांबूस करा, घाई नको. त्यात ठेचलेला लसूण, हळद, तुमचा घरचा मसाला. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून परता. तिसऱ्यांचं निवळलेलं पाणी अर्धी वाटी, दोन-तीन आमसुलं. झाकण ठेवून वाटणाला तेल सुटेपर्यंत शिजू द्या, आणि इथे मसाला पूर्ण शिजला आहे याची खात्री करा, कारण नंतर शिजायला त्याला वेळ मिळणार नाही. मग तिसऱ्या घाला, हलवा, झाकण, दोन-तीन मिनिटं, आच बंद. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. तांदळाच्या भाकरीबरोबर हे ताज्या तिसऱ्यांच्या सुक्यापेक्षा कमी लागत नाही. उलट पाणी आधीच निवळलेलं असल्यामुळे कचकच लागायचा धोका कमी.

ओलं खोबरं घातलेला पदार्थ मात्र त्याच जेवणाला संपवा. खोबऱ्याचं वाटण फार लवकर आंबतं. म्हणूनच उरणार असं दिसलं तर नुसतं उकडलेलं उरू द्यावं, वाटणात घातलेलं नाही. आणि उरलेल्याचं केलेलं पुन्हा उरवू नये. लागेल तेवढंच मांस डब्यातून काढा, बाकीचा डबा लगेच आत.

कोळंबीला मे महिन्यात फणसाच्या आठळ्यांसारखी सोबत नाही. आठळ्या सोलून, ठेचून, कैरीच्या दोन फोडी आणि वाटणाबरोबर मऊ शिजवा, रस्सा दाट झाला की उकडलेली कोळंबी सोडा आणि वाफ धरली की उतरवा. सकाळची घाई असेल तर कांदा, हिरवी मिरची, टोमॅटो परतून त्यात कोळंबीचे तुकडे आणि वर दोन फेटलेली अंडी, झाली भुर्जी. कटलेटही छान होतात, पण त्यासाठी बटाटा कमी घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच कटलेटांत कोळंबी शोधावी लागते.

कुर्ल्यांसाठी वेगळा विचार करावा लागतो. उकडलेल्या कुर्ल्यांचं पोटाकडचं मांस आणि नांग्यांतलं मांस बसून, गप्पा मारत, काडीने कोरून काढा. हे काम एकट्याने करू नये, कंटाळा येतो. बारीक पाय उरतात त्यात मांस नावापुरतंच, पण चव सगळी त्यातच. ते थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमध्ये फिरवून दोनदा गाळा, म्हणजे कवचाचा एक कणही राहणार नाही. त्या गाळलेल्या पाण्याचं सार करा: तेलात लसूण-मिरी, ते पाणी, आमसूल, चांगली उकळी (इथे उकळी हवीच, यात चिवट व्हायला मांस नाही), आणि शेवटी कोरलेलं मांस. कुर्लीला अमोनियासारखा, नाकाला झोंबणारा वास आला तर मात्र तिथेच थांबा. तो वास मसाल्याने जात नाही आणि जाऊही देऊ नये.

एक विनंती. उरलेल्या तिसऱ्या-कोळंबीचे कटलेट किंवा पुलाव केला की बाहेरून कळत नाही आत काय आहे. ज्यांना कवचवाल्या मासळीची ॲलर्जी असते त्यांना ती शिजवल्याने कमी होत नाही, कारण ती ज्या प्रथिनामुळे होते ते उष्णतेने मोडत नाही. पाहुण्यांना वाढण्याआधी आत काय आहे ते स्पष्ट सांगा. आणि गरोदर बाई, अगदी लहान मूल, यकृताचा आजार असलेलं माणूस घरात असेल तर त्यांच्या ताटात त्या दिवशीचं ताजंच वाढा, उरलेलं आपण खाऊ.

शिंपल्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण ढीग पडतोच. कोकणात शिंपले भाजून चुना करायची जुनी रीत आहे. घरी तेवढं करायची गरज नाही. गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन मीठ घालवा, उन्हात कडक वाळवा, कुटा आणि कुंड्यांत, परसातल्या अळूच्या, मिरच्यांच्या बुडाशी घाला. आपली जांभ्याची लाल माती आम्लधर्मी असते, शिंपल्यांतला चुना सावकाश उतरून तिला मानवतो. न धुता टाकलेत तर मिठाने रोप जळेल आणि मांजरं कुंडी उकरतील.

राहिला मुलाचा डबा. कोळंबी पोहे सकाळी सातला भरले आणि त्याने उन्हात खेळून अकराला उघडले, तर मधले चार तास तो डबा नेमका त्याच ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात असणार, तेही मैदानावर. नाही, देऊ नका. बर्फाची पिशवी घातलेला डबा असला तरी मुलं तो उन्हातच टाकून खेळायला पळतात. घरी आल्यावर हातपाय धुऊन बसला की पोहे भिजवा, कांदा-मिरची-हळदीच्या फोडणीत परता, शेवटच्या दोन मिनिटांत कोळंबी घाला आणि समोर बसून गरम खायला द्या. डब्यात मासळी हवीच असा त्याचा हट्ट असेल तर सुक्या सोड्यांची (सोलून वाळवलेल्या कोळंबीची) कोरडी चटणी द्या. सोडे खरपूस भाजून, सुकं खोबरं, लसूण आणि तिखटाबरोबर कुटलेली, पाण्याचा थेंबही न लागलेली. पोळीला लावून गुंडाळी केली की खेळताना एका हातात धरूनही खाता येते.